घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट: नळ्यांची लांबी, आर्गन आणि आवाज

खाडीकिनारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भांडुपच्या गाळ्यात उभ्या राहणाऱ्या दोन सीटच्या गाडीबद्दल इथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. सांगाडा झाला, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बसलं, इंजिन-गिअरबॉक्स आपल्या जागी आहेत. आता एक्झॉस्टची पाळी. या कामावर मराठीत सलग लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीची आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटसने काढलेली ती हलकी, उघडी गाडी. लांब नाक, मागच्या चाकांना ताकद, छप्पर नाही. आमचा सांगाडा एक इंची चौकोनी पाइपाचा, सोळा गेज. इंजिन मारुती जिप्सीचं जी१३बीबी: १२९८ सीसी, १६ वाल्व्ह, ७४ मिलिमीटर बोअर, ७५.५ मिलिमीटर स्ट्रोक. मुद्दाम जिप्सीचं घेतलं, कारण ते लांबीला बसतं आणि मागच्या चाकांकडे जाणारा गिअरबॉक्स त्याच्यासोबतच येतो. एस्टीम किंवा स्विफ्टचं आडवं इंजिन घेतलं असतं तर निम्मं काम नव्याने आखावं लागलं असतं.

मूळ ओतीव मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणारा भाग) इथे बसत नाही, तो सरळ सांगाड्याच्या पाइपात घुसतो. म्हणजे त्याच्या जागी हेडर, नळ्या जोडून केलेला मॅनिफोल्ड, बनवणं भागच आहे. आणि बनवायचाच तर नीट का बनवू नये?

पिस्टन वर येताना जळलेला वायू ढकलून बाहेर काढतो, एवढंच आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात एक्झॉस्ट वाल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरात अजून भरपूर दाब शिल्लक असतो. तो सुटला की दाबाची लाट नळीतून धावत जाते. नळी जिथे मोठ्या पोकळीत उघडते, तिथून कमी दाबाची लाट उलट फिरून वाल्व्हकडे येते. ती नेमकी इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही वाल्व्ह किंचित उघडे असताना पोचली, तर उरलेला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या हवेलाही आत यायला हात देते. म्हणून नळीची लांबी महत्त्वाची. सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५७५ मीटरच्या आसपास जातो. साध्या हवेत तो ३४३ असतो. हा फरक विसरून केलेली सगळी गणितं चुकतात.

लांबीसाठी इंजिन बांधणाऱ्यांमध्ये एक सूत्र चालत आलंय. एक्झॉस्ट वाल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याआधी जितके अंश उघडतो ते १८० मध्ये मिळवायचे, त्याला ८५० ने गुणायचं, हव्या त्या आरपीएमने भागायचं आणि ३ वजा करायचे. उत्तर इंचांत. ५० अंश आणि ६५०० आरपीएम धरले तर साधारण २७ इंच येतात. आतला व्यास याच घराण्यातल्या दुसऱ्या सूत्राने १.३८ इंच, म्हणजे ३५ मिलिमीटर. बाहेरून दीड इंची, अठरा गेज नळी घेतली की आतून ३५.७ मिळतात. गणित आणि बाजार इतके जुळलेले पाहून बरं वाटलं.

आता मला तुमची मदत हवीय ती अशी. चार नळ्या थेट एकात आणाव्यात की आधी दोन-दोन जोडून मग एक करावी? पाइप कुठला घ्यावा, कुठून? आणि सायलेन्सर दाराच्या बाजूने न्यावा की मागे? गाडी फक्त ट्रॅकवर चालणार आहे, तिथवर ट्रेलरवरून जाईल.

---

निळी जिप्सी

वा! जिप्सीचं हृदय जिप्सीबाहेरही धडधडतंय हे वाचून फार आनंद झाला. मारुतीने ती १९८५ च्या अखेरीस आणली, आणि आता नवी मिळत नाही म्हणून आमच्यासारखे तिच्या एकेका बोल्टाला जपतात.

माझं मत ठामपणे चार-दोन-एकच्या बाजूने. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. १ आणि ४ मध्ये क्रँकचे ३६० अंश अंतर पडतं, २ आणि ३ मध्येही तेवढंच. या जोड्या केल्या की एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या वाल्व्हवर येऊन आदळत नाही. चार-एकचा हेडर वरच्या आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात जोर देतो; चार-दोन-एक मधल्या पट्ट्यात. एवढ्या हलक्या गाडीला वळणातून बाहेर पडताना मधलीच ताकद जास्त वापरात येते. तुमच्या सूत्रातल्या २७ इंचांपैकी १५ इंच पहिल्या नळ्यांना आणि १२ इंच दुसऱ्या दोन नळ्यांना द्या, असा रिवाज आहे.

आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे हे लक्षात असू द्या. मॅनिफोल्ड धरणारा गंजलेला स्टड थंड इंजिनावर पाना लावून जबरदस्तीने फिरवला की आत तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, सकाळी हलकी उब, मग थोडं पुढे-थोडं मागे करत काढा. परत बसवताना नवे स्टड, तांब्याचा लेप दिलेले नट आणि कंपनीचं पॅकिंग वापरा.

---

लेथवाला

मी साकीनाक्याच्या पट्ट्यात आयुष्यभर डेअरी आणि औषध कारखान्यांसाठी स्टेनलेसचं काम केलं. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, पाइपातलं कळतं. तेवढं लिहितो.

सगळ्यात आधी, बाजारात पाइप म्हणजे एक आणि ट्यूब म्हणजे दुसरं. पाइप मागितलात तर दुकानदार एनबी (नॉमिनल बोअर, नावापुरतं आतलं माप) मापात देईल. दीड इंच एनबीचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो, दीड इंच नव्हे. तुम्हाला पहिल्या नळ्यांसाठी ओडी (बाहेरचा व्यास) मापाची ट्यूब हवीय, ३८.१ मिलिमीटर. हे दुकानात स्पष्ट बोला आणि व्हर्निअर खिशात ठेवा. दुसऱ्या दोन नळ्यांना मात्र तोच दीड इंच एनबी, शेड्यूल ५ कामाला येईल. भिंत १.६५ मिलिमीटर, आतून ४५ उरतात. तुमच्या सूत्रात दुसऱ्या नळीचा व्यास किती येतो बघा, पण अंदाजाने तिथेच कुठेतरी येईल.

कुठे घ्यायचं? गुलालवाडी, किका स्ट्रीट, सी. पी. टँक. सकाळी उशिरा जा, दुकानं आरामात उघडतात. ट्यूब सरळ घ्या आणि बेंड वेगळे. बेंडसाठी डेअरीचे बेंड मागा. दूध वाहून नेणाऱ्या लाइनीला लागतात ते: पातळ भिंतीचे, आतून-बाहेरून गुळगुळीत, टोकं वेल्डिंगला सरळ. वळणात त्यांचा व्यास कमी होत नाही. रस्त्याकडेचा सायलेन्सरवाला पाइप दाबून वाकवतो, तिथे नळी चपटी होते आणि तुमची सगळी गणितं त्या वळणावर संपतात.

रेलिंगचे एल्बो घेऊ नका. स्वस्त मिळतात, चमकतात, पण बहुतेक २०२ ग्रेडचे असतात. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत त्यावर लवकर तांबूस डाग येतात, आणि तापून-निवून तर आणखी लवकर. चुंबकाने ३०४ आणि २०२ ओळखता येत नाहीत, दोन्हींना तो चिकटत नाही. ग्रेड तपासायचं थेंबाचं रसायन आणि बॅटरी मिळते. २०२ वर थेंब लाल होतो. शिवाय पाइपावर छापलेला ग्रेड आणि हीट नंबर बघा, आणि बिलावर ३०४ लिहून घ्या.

वेल्डिंग आर्गन वायूनेच, तो सांध्याला हवा लागू देत नाही. ३०४ ला ३०८एल रॉड. फ्लँज (इंजिनाला बोल्टने बसणारी जाड प्लेट) जर लोखंडी ठेवलात तर त्या सांध्याला ३०९एल. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: नळीच्या आतूनही आर्गन सोडा. बाहेरून सुंदर दिसणारा सांधा आतून हवा लागल्यामुळे काळा, खडबडीत फुगतो. तिथून वायूला अडथळा होतो आणि तडाही तिथूनच जातो. एका टोकाला अॅल्युमिनियम फॉइल लावून बारीक भोक ठेवायचं, दुसऱ्या टोकातून मंद आर्गन सोडायचा, आतली हवा निघून जायला वेळ द्यायचा, मगच आर्क. औषध कारखान्यांचं काम करणाऱ्या कुठल्याही वेल्डरला हे सांगावं लागत नाही. म्हणून गाडीवाल्या वेल्डरपेक्षा फार्मावाला वेल्डर शोधा.

---

नवशिक्या चालक

फार शिकायला मिळतंय. एक शंका. स्टेनलेस आणि आर्गन परवडत नसेल तर साध्या लोखंडी पाइपाचा हेडर होतो का? आमच्या गल्लीत जीआयचे (जस्ताचा थर दिलेले) पाइप पडून आहेत.

---

लेथवाला

लोखंडी होतो. काळा ईआरडब्ल्यू (लांबीला वेल्ड केलेला) पाइप घ्या आणि सीओटू वेल्डिंग करा. पूर्वीपासून असेच हेडर होत आले आहेत. गंजतो, पण शिकायला उत्तम.

जीआय मात्र अजिबात नको. जस्ताचा थर जळला की पांढरा धूर येतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या धंद्यात प्रत्येकाने तो ताप कधी ना कधी पाहिलाय. स्टेनलेसच्या धुरातही क्रोमियम असतं, तेव्हा पंखा आणि मास्क तिथेही हवाच. आणि वेल्डिंगच्या जागी फवाऱ्याचा ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीन असलेला असेल तर आर्कजवळ त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. पुसायला अॅसिटोन घ्या, आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच टॉर्च पेटवा.

---

डांबरी (पुणे)

दर हंगामात कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर जातो, त्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी.

इंजिन रबरावर बसलेलं असतं. गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दाबला की ते डोलतं. एक्झॉस्ट सांगाड्याला घट्ट बोल्ट केला तर तो सगळा ताण हेडरच्या फ्लँजजवळ येतो आणि सांधा तिथेच तडकतो. पुढे लवचीक बेलोज किंवा स्प्रिंगवर धरलेला सरकता सांधा द्या, मागे सायलेन्सर रबरावर टांगा. शिवाय ३०४ तापल्यावर लोखंडापेक्षा बरंच जास्त वाढतं. एक मीटर नळी ५०० अंशांनी तापली की जवळजवळ ९ मिलिमीटर लांब होते. ही वाढ कुठेतरी जायला हवी.

बाजूने सायलेन्सर दिसायला देखणा असतो, या धर्तीच्या गाड्यांची ती ओळखच आहे. पण ज्या बाजूला तो असेल त्या बाजूचा माणूस उतरताना पाय भाजून घेतो. जाळीची ढाल लावा, आणि नळी आणि ढाल यांच्यात बोटभर हवा ठेवा. फायबरच्या बॉडीजवळून नळी जात असेल तर मधे अॅल्युमिनियमचा पत्रा पाहिजेच. इंधनाची आणि ब्रेकची नळी हेडरच्या जवळपासही नको. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं, आणि ते नेमकं लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी होतं.

हेडरवर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायची का हा नेहमीचा प्रश्न. माझं मत: स्टेनलेसवर, गरज असेल तेवढ्याच भागात. लोखंडावर नको. पट्टी पाणी धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंड आतल्या आत खाल्लं जातं.

---

परळचा वकील

धागाकर्त्याने गाडी ट्रॅकपुरती ठेवली हे उत्तम केलं. इतर वाचकांसाठी कायद्याची बाजू नोंदवून ठेवतो, कारण हे वाचून कोणी रोजच्या गाडीवर प्रयोग करायला जाईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिला आहे. घरी बांधलेली संपूर्ण गाडी रस्त्यावर नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून प्रारूपाची मान्यता लागते, आणि हौसेच्या एका गाडीसाठी तो मार्ग व्यवहारात बंदच आहे. आवाज आणि धुराच्या नियमांचा भंग कलम १९०(२) खाली येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र होण्याची तरतूद आहे.

इंजिन भंगारातून घेतलं असेल तर बिल, इंजिन नंबर आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद एकत्र जपून ठेवा. ट्रेलर टोलनाक्यावर अडवला तर तेच दाखवावं लागतं.

---

ध्वनिलहरी

मी ध्वनिशास्त्रातली अभियंता, कारखान्यांच्या चिमण्यांचा आवाज कमी करणं हे माझं काम. या धाग्यावर आवाजाचा विषय शेवटी येईल अशी भीती होती, म्हणून आधीच लिहिते. सायलेन्सर हेडर झाल्यावर जी उरेल त्या जागेत कोंबायची वस्तू नाही. त्याची जागा आज, नळ्या वेल्ड व्हायच्या आधी राखून ठेवा.

गणित सोपं आहे. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा पेटतं. ३००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला १०० धक्के, १०० हर्ट्झ. ६००० ला २०० हर्ट्झ. सरळ भोकांची नळी आणि भोवती लोकर असलेला सायलेन्सर वरच्या पट्टीतला कर्कशपणा चांगला शोषतो, पण १०० हर्ट्झच्या घुमण्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. त्यासाठी कप्प्यांचा सायलेन्सर किंवा मुख्य नळीला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली एक बाजूची नळी लागते. तिची लांबी लाटेच्या चतुर्थांशाइतकी. त्या भागात वायू निवलेला असतो. वेग सेकंदाला ४०० मीटर धरला तर १०० हर्ट्झला बरोबर एक मीटर येते. लाट आत जाते, बंद टोकावरून परत येते आणि मूळ लाटेला नेमकी उलटी भेटून तिला खाते. ताकद एक तसूभरही कमी होत नाही.

दुसरं, आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी हा समज मला मनापासून खोडून काढायचाय. तुमच्या इंजिनाच्या मागच्या नळीला दोन इंच व्यास पुरतो. तीन इंची लावलीत तर वायूचा वेग मंदावेल, गडगडाट वाढेल, हाती काहीच लागणार नाही. 'बॅक प्रेशर पाहिजे' असंही लोक म्हणतात, तेही बरोबर नाही. अडथळा कोणालाच नको असतो. हवा असतो तो वेग, आणि तो योग्य व्यासाने मिळतो.

मुंबईत आपण एकमेकांच्या भिंतींना भिंती लावून राहतो. निवासी भागासाठी नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती रोजच मोडली जाते. भांडुपच्या गाळ्याच्या मागे चाळी आहेत. तिथे कोणाचं तान्हं झोपलेलं असतं, कोणी रात्रपाळी करून आलेलं असतं. हौस आपली असली तरी कान त्यांचे आहेत. म्हणून ट्यूनिंगसाठी इंजिन चालवाल तेव्हाही पूर्ण सायलेन्सर लावूनच.

---

डांबरी (पुणे)

ध्वनिलहरी यांच्याशी बव्हंशी सहमत, पण एक मीटरची बाजूची नळी या गाडीत बसवायची कुठे? वजन वाढेल, खाली जमिनीपासून अंतर कमी होईल. उघड्या गाडीत केबिनच नाही, तर घुमण्याचा त्रास बंद गाडीइतका होणार नाही. ट्रॅकवर आवाज मोजतात तो बहुतेक वेळा उभ्या गाडीचा: नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक आरपीएमवर. तिथे मोठा, लांब शोषक सायलेन्सर जास्त उपयोगी.

---

ध्वनिलहरी

बसते. सरळच असली पाहिजे असं नाही, मुख्य नळीला समांतर वळवून नेली तरी चालते. पण जागा खरंच नसेल तर तुमचा मुद्दा मान्य: आधी जास्तीत जास्त लांबीचा शोषक सायलेन्सर, मग घुमणं त्रासदायक वाटलं तर बाजूची नळी. त्यासाठी मुख्य नळीवर आजच एक बुच बसेल असा तुकडा वेल्ड करून ठेवा. नंतर कापाकापी नको.

नळीचं तोंड मात्र सीटच्या मागे न्या, याबद्दल तडजोड नाही. आवाजापेक्षा मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड. उघड्या गाडीत सीटच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो, तो मागची हवा पुढे ओढतो. या वायूला वास नाही, रंग नाही. आणि शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन एक मिनिटही चालवू नका.

---

निळी जिप्सी

ऑक्सिजन सेन्सरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दोन नळ्या एक होतात त्याच्या लगेच पुढे त्याची जागा द्या, म्हणजे चारही सिलिंडरांचा वायू त्याला मिळेल. तोंड वरच्या बाजूला, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर. खाली लावला तर थंड सुरुवातीला जमलेलं पाणी त्याच्या तापलेल्या टोकावर येतं आणि आतली सिरॅमिक तडकते. पाणी थोडंथोडकं नसतं: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. त्यासाठीच सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूला बारीक भोक ठेवतात.

सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको. दोन धक्क्यांच्या मधे दाब खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि आपण इंजेक्टर तपासत बसतो.

आता पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं तेही ध्यानात घ्या. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. हलक्या पायाने चालवताना सेन्सर हे सांभाळून घेतो, पूर्ण थ्रॉटलला कॉम्प्युटर बहुधा त्याचं ऐकत नाही. म्हणून ट्यूनिंगच्या वेळी रुंद पट्ट्याचा सेन्सर लावता येईल असा दुसरा बंगही (सेन्सर बसवायचं आट्याचं तोंड) आत्ताच वेल्ड करून घ्या.

---

खाडीकिनारा (धागाकर्ता)

एवढ्या मनापासून उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं. काम बरंच पुढे गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

चार-दोन-एक ठरलं. लेथवाला यांनी सांगितलेली ४५ मिलिमीटरची नळी गणिताशी ताडून पाहिली. सूत्राने दुसऱ्या नळ्यांना ४६ येतात. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. ट्यूब, पाइप आणि डेअरीचे बेंड गुलालवाडीतून आले, बिलावर ३०४ लिहून.

पण स्टेनलेसला हात लावायच्या आधी पूर्ण हेडर ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात उभा केला. कापायचा, गरम हवेने जोडायचा, जमला नाही तर फेकायचा. या पायरीवर जेवढा वेळ घालवाल तेवढा कमीच, असं मी आता छातीठोकपणे सांगेन. हेडरचं खरं काम हेच आहे. वेल्डिंग म्हणजे घेतलेल्या निर्णयांवर शिक्कामोर्तब. पाना कुठल्या बोल्टपर्यंत पोचतो, स्पार्क प्लगची टोपी काढता येते का, ऑइल फिल्टर हेडर न उतरवता बदलता येईल का, स्टिअरिंगचा दांडा दोन्ही टोकांपर्यंत फिरवला तर कुठे घासतो का, हे सगळं प्लास्टिकमध्येच कळलं. इंजिन हाताने दोन्हीकडे हलवून सांगाड्यापासूनचं अंतर पाहिलं. नळ्यांची लांबी मोजायला प्रत्येकीच्या मध्यरेषेवरून सुतळी धरली. चारही नळ्या एकमेकींच्या एका इंचाच्या आत बसल्या. त्याहून अधिक अचूकतेसाठी वेडीवाकडी वळणं घालणं मला पटलं नाही. सरळ, मोकळी नळी त्यापेक्षा बरी. मग प्रत्येक सांध्यावर मार्करने आडव्या खुणा केल्या, म्हणजे स्टेनलेसचे तुकडे त्याच कोनात फिरवून बसवता येतात. वेल्डिंगच्या आधी पीव्हीसीचा कण न् कण बाहेर काढला, कारण ते तापलं की आम्लाचा धूर सोडतं.

फ्लँज १० मिलिमीटर लोखंडी प्लेटचा, पॅकिंग स्कॅन करून लेझरने कापून आणला. वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो, म्हणून तो एक इंच जाडीच्या प्लेटवर बोल्टने आवळला आणि टाके एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, मग मधे असे फिरवत मारले. पूर्ण निवेपर्यंत बोल्ट सोडले नाहीत. नंतर तोंड मिलिंगवर एका हलक्या कटात सपाट केलं.

वेल्डर फार्मावालाच मिळाला. त्याने नळ्या हातात घेऊन आधी सांध्यांवर बोट फिरवलं आणि जिथे पातळशी फट होती ते तुकडे परत घासायला लावले. पातळ स्टेनलेसला फट रॉडने भरायची नसते, दोन कडा एकमेकींना पूर्ण टेकल्या पाहिजेत, असं तो म्हणाला. अठरा गेजच्या नळ्यांवर त्याने एका वेळी थोडंच वेल्ड केलं, मधे निवू दिलं. आतून आर्गन सोडलेलाच होता. कापून बघितलेला नमुन्याचा सांधा आतूनही फिकट सोनेरी निघाला. एवढं स्वच्छ काम आपल्या गाडीवर झालेलं पाहून फार समाधान वाटलं.

दोन नळ्या एक होतात तो भाग सगळ्यात अवघड. दोन्ही नळ्यांची टोकं तिरकी कापून एकमेकींना लावायची, म्हणजे आत मधोमध धारदार कड तयार होते आणि वायू वळसा न घेता पुढे जातो. नुसत्या दोन नळ्या एका डब्यात खुपसल्या तर आत मोठी पोकळी राहते आणि तिथे वायू फिरत बसतो.

मागच्या भागाला बेलोज, मग लांब शोषक सायलेन्सर, तोंड सीटच्या मागे. ध्वनिलहरींच्या बाजूच्या नळीसाठी बुचाचा तुकडा वेल्ड करून ठेवलाय, आणि दोन्ही बंग वरच्या तोंडाचे आहेत. गळती तपासायला व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकणारं तोंड मागच्या नळीला चिंध्यांनी बसवलं आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. बेलोजच्या क्लॅम्पपाशी बुडबुडे आले, तो बदलला. बाकी सगळं कोरडं.

काल दुपारी शटर पूर्ण उघडं ठेवून सुरू केलं. आयडलला शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसच्या आवाजात गाडी ऐकूच येत नव्हती. ३००० ला थोडी घुमते, म्हणजे ध्वनिलहरी म्हणाल्या तिथेच. बाजूची नळी लावणार आहे. तिचा मार्ग दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या कडेने सापडलाय.

---

ध्वनिलहरी

फार छान! बाजूची नळी लावताना तिचं बंद टोक सरकवता येईल असं ठेवा, आत घट्ट बसणारी टोपी आणि क्लॅम्प. वायूचं खरं तापमान आपण गृहीत धरलंय, मोजलेलं नाही. पाच-पाच सेंटीमीटर आत-बाहेर करून घुमणं सर्वांत कमी कुठे होतं ते बघा, आणि मगच टोपी वेल्ड करा.

---

लेथवाला

वेल्डरला माझा नमस्कार सांगा. सांध्यांवर आधी बोट फिरवणारा माणूस सोडू नका.

---

नवशिक्या चालक

फ्लँजचे नट एकदा आवळले की झालं, की परत बघावे लागतात?

---

खाडीकिनारा (धागाकर्ता)

परत बघावेच लागतात. नवं पॅकिंग पहिल्यांदा तापलं की बसतं आणि नट सैल पडतात. इंजिन पूर्ण तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन, टॉर्क पान्याने मधल्या नटापासून बाहेरच्या टोकांकडे जात पुन्हा आवळायचे. पहिल्या ट्रॅकदिवसानंतर एकदा, आणि पुढे दर ऑइल बदलाला. तापलेलं असताना आवळू नका. अॅल्युमिनियममधला आटा तेव्हा लवकर सुटतो.